कॅटॅलिस्ट सपोर्टचा बाजार खरंच वाढतोय, की नुसत्या पीडीएफ वाढतायत?

भट्टीवाला

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, धागा पहिलाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

सांगलीला कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दोन शटल भट्ट्या, एक बॉल मिल, अकरा माणसं. सिरॅमिकच्या गोळ्या करतो, पाव इंचापासून दोन इंचापर्यंत. अ‍ॅल्युमिना (म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) वीस टक्क्यांच्या आसपास, बाकी सिलिका. केमिकल कंपन्या त्या रिअ‍ॅक्टरमध्ये कॅटॅलिस्टच्या (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाच्या) खाली-वर भरतात. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, 'कॅटॅलिस्ट सपोर्ट' असंच छापून येतं. मोरबी आणि हिंमतनगरचा माल आमच्यापेक्षा किलोमागे स्वस्त पडतो, त्यामुळे आमचं सगळं जवळच्या गिऱ्हाइकांवर आणि वेळेवर माल पोचवण्यावर चालतं.

मागच्या महिन्यात मेव्हण्याने एका परदेशी मार्केट रिसर्च कंपनीच्या अहवालाची फुकट नमुना पीडीएफ पाठवली. 'इंडस्ट्रियल कॅटॅलिस्ट सपोर्ट मटेरियल्स', दर वर्षी अमुक टक्के वाढ, निळे खांब एकापेक्षा एक उंच. मेव्हणा पुण्यात आयटीत आहे, हातात पैसा आहे. म्हणतो, "दाजी, तुम्ही तर आधीच या धंद्यात आहात. मी पैसे घालतो, सच्छिद्र गॅमा अ‍ॅल्युमिनाची लाइन टाकू." घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान अजून डोललेली नाही.

प्रश्न साधा आहे. हा बाजार खरंच वाढतोय का? आणि वाढत असेल तर त्यात आमच्यासारख्याचं काही आहे का?

तिरकस तात्या

नमुना पीडीएफमध्ये खऱ्या आकड्यांच्या जागी 'एक्सएक्स' लिहिलेलं असतं, ते होतं का? मग अहवाल अस्सल आहे.

भट्टीवाला

होतं तात्या. तीन ठिकाणी.

शटडाऊनकाका

पनवेलहून. रिफायनरीत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलपाशी. त्यामुळे राहवत नाही.

भट्टीवाले, पहिल्यांदा एक गोंधळ निस्तरा. तुमचा सपोर्ट आणि त्या पीडीएफमधला सपोर्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाण्याचा माठ डोळ्यांसमोर आणा. तुमच्या गोळ्या म्हणजे माठाखालची तिवई. वजन पेलायचं, माठ कलंडू द्यायचा नाही, बाकी पाण्याशी देणंघेणं नाही. पीडीएफवाला सपोर्ट म्हणजे माठाची माती. पाणी गार होतं ते त्या मातीच्या छिद्रांमुळे.

रिअ‍ॅक्टरमध्ये खाली जाळी, तिच्यावर तुमच्या मोठ्या गोळ्या, त्यावर लहान, मग कॅटॅलिस्टचा बेड, आणि वरून पुन्हा गोळ्या. तुमच्या मालाला क्रश स्ट्रेंथ (दाबाखाली न फुटण्याची ताकद) लागते आणि निष्क्रियता लागते. कॅटॅलिस्टच्या आतल्या सपोर्टवर मात्र कोबाल्ट, मॉलिब्डेनम, निकेल, प्लॅटिनम असले महागडे जिन्नस बसवलेले असतात. तिवईला कोणी 'सच्छिद्र आहे का' विचारत नाही, माठाला विचारतात. दोन्हींना 'सपोर्ट' म्हणायची सवय आम्हा स्टोअर्सवाल्यांनीच लावली.

मेव्हणा म्हणतो तुम्ही आधीच त्या धंद्यात आहात. तसं नाही. तुम्ही त्या धंद्याच्या उंबऱ्यावर बसलेले आहात.

छिद्रान्वेषी

काकांचा माठ एकदम चपखल. मी पुण्यात याच छिद्रांवर पीएचडी केली, त्यामुळे आयडीचा अर्थ कुणी वाकडा घेऊ नये.

गॅमा अ‍ॅल्युमिनाचं एका ग्रॅमचं अंतर्गत पृष्ठफळ साधारण दीडशे ते तीनशे चौरस मीटर असतं. दोनशे धरा. म्हणजे पाच ग्रॅम, चहाच्या चमच्याएवढी भुकटी, तिच्यात हजार चौरस मीटर. जवळजवळ दहा गुंठे! धातूचे कण या दहा गुंठ्यांवर विरळ पेरायचे, म्हणजे थोड्या धातूत जास्त काम होतं आणि कण एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत. सपोर्टचं मुख्य काम हेच.

पण 'जितकी छिद्रं जास्त तितकं चांगलं' हेही खरं नाही. इथिलीनपासून इथिलीन ऑक्साइड करताना चांदी अल्फा अ‍ॅल्युमिनावर बसवतात, आणि तिचं पृष्ठफळ मुद्दाम एका ग्रॅमला एक चौरस मीटरच्या आसपास ठेवतात. दहा गुंठे दिले तर इथिलीन ऑक्साइड तिथंच रेंगाळतं आणि जळून कार्बन डायऑक्साइड होऊन बसतं. पाच ग्रॅममध्ये एक छोटी खोली, एवढंच हवं असतं.

सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या प्लांटमध्ये व्हॅनेडियम कशावर असतं? डायटमच्या मातीवर, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या सिलिकाच्या सांगाड्यांवर. पॉलीप्रॉपिलीनमध्ये टायटॅनियमला आधार मॅग्नेशियम क्लोराइडचा. फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम कार्बन ब्लॅकवर. या सगळ्यांना एका निळ्या खांबात कोंबून 'बाजार' म्हणायचं म्हणजे ज्वारी, केशर आणि सिमेंट 'पोत्यात भरतात' म्हणून एकत्र मोजण्यासारखं आहे.

शेअरखुळा

छान माहिती. मग कोणता शेअर घ्यावा?

तिरकस तात्या

कुपवाडचा. दोन भट्ट्या, अकरा माणसं, मेव्हणा प्रमोटर.

शिपिंगबिल

कस्टम्स क्लिअरन्समध्ये आहे. छिद्रान्वेषीताईंच्या शेवटच्या वाक्याला माझ्या टेबलावरून दुजोरा.

या मालाला एक असा एचएसएन कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गाचा आकडा) नाहीच. निकेल असलेला तयार कॅटॅलिस्ट ३८१५११ मध्ये, मौल्यवान धातूचा ३८१५१२ मध्ये, इतर सपोर्टेड ३८१५१९ मध्ये. धातू बसवायच्या आधीचं अ‍ॅल्युमिना २८१८ मध्ये, आणि त्याच २८१८ मध्ये अ‍ॅल्युमिनियम गाळणाऱ्या स्मेल्टरचं अ‍ॅल्युमिना जहाजं भरभरून येतं. सिलिका २८११२२. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ३८०२१०, ज्यात तुमच्या घरच्या पाण्याच्या फिल्टरचा कोळसापण आला. सिरॅमिक हनीकोंब ६९०९.

आता सांगा, आयातीच्या आकड्यांवरून 'सपोर्ट'चा बाजार कोण आणि कसा काढणार? जो काढतो तो कुठेतरी बसून ठरवतो की २८१८ मधले इतके टक्के सपोर्टचे धरू. तो टक्का पीडीएफमध्ये छापत नाहीत.

गणितमास्तर

अजून एक. दर वर्षी ५ टक्के वाढ म्हणजे दहा वर्षांत १.६३ पट. ८ टक्के म्हणजे २.१६ पट. दोन्ही आकडे ऐकायला शेजारी-शेजारी वाटतात, पण एकावर तुमची लाइन अर्धी रिकामी राहते आणि दुसऱ्यावर दुसरी लाइन टाकावी लागते. आणि मोजणी २०२० पासून सुरू केली असेल तर तो लॉकडाऊनचा खड्डा आहे. खड्ड्यातून मोजलं की टेकाडही डोंगर दिसतं.

शटडाऊनकाका

मास्तरांशी सहमत. आता माझ्या अनुभवातली मागणी सांगतो.

कॅटॅलिस्टची खरेदी तीन तऱ्हेची असते. एक लग्न, एक दिवाळी, एक किराणा.

लग्न म्हणजे नवा प्लांट, पहिला चार्ज. राजस्थानात बारमेरजवळ वर्षाला ९० लाख टनांची रिफायनरी, पानिपतचा विस्तार १५० लाखांवरून २५० लाखांवर, नुमालीगडचा ३० वरून ९० लाखांवर. यांचा पहिला माल एकदाच भरला जातो, आणि तो बहुतेक वेळा लायसन्सर (प्लांटचं तंत्रज्ञान देणारी कंपनी) सांगेल त्याच कंपनीचा. तिथं वशिला चालत नाही, गॅरंटी चालते.

दिवाळी म्हणजे बदली. डिझेलमधलं सल्फर काढणाऱ्या हायड्रोट्रीटरचा बेड दोन-चार वर्षांनी बदलावा लागतो. यातही पेच आहे. जुना माल बाहेर काढून त्यावरचा कोक (साचलेला कार्बन) जाळतात आणि पुन्हा वापरतात. सपोर्ट जितका चांगला तितका तो जास्त वेळा परत येतो. म्हणजे माल सुधारला की टनाची विक्री घटते. अहवालवाल्यांचा खांब हे दाखवत नाही.

किराणा म्हणजे एफसीसी, जड तेल फोडून पेट्रोल करणारं युनिट. सत्तर मायक्रॉनच्या आसपासचे दाणे, वाळूसारखे वाहणारे. त्यातला थोडा रोज झिजून धूळ होतो आणि थोडा निकामी होतो, म्हणून रोज ताजा माल घालायचा. मोठ्या युनिटला दिवसाला काही टन. हा खरा नेमाचा बाजार. पण तिथं झिओलाइट (बारीक छिद्रांचं स्फटिक), केओलिनची माती आणि बाइंडर एकाच दाण्यात असतात. सपोर्ट कुठला आणि कॅटॅलिस्ट कुठला, हे वेगळं काढताच येत नाही. एक अहवाल तो धरतो, दुसरा धरत नाही, म्हणून दोन अहवालांचे आकडे जुळत नाहीत.

वाढ उडीने येते, चढाने नाही. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ आलं, डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर. त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत सगळ्या रिफायनऱ्यांनी नवे रिअ‍ॅक्टर टाकले, जुन्यांत जास्त तिखट कॅटॅलिस्ट भरला. ती उडी संपली. त्या उडीच्या वर्षांवर पट्टी ठेवून २०३५ पर्यंत रेघ मारली की झाला अहवाल.

स्पार्कप्लग

चाकणला ऑटो पार्ट्समध्ये आहे. बीएस-६ चा विषय निघालाच आहे तर गाड्यांचं सांगतो.

सायलेन्सरमधला तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा, तो कॉर्डिएराइटचा. मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनची ऑक्साइडं. त्याची खासियत एकच, तापल्यावर तो फुगत नाही म्हटलं तरी चालेल. थंड ठोकळा काही मिनिटांत लालबुंद होतो, साधं सिरॅमिक असतं तर तडकलं असतं. कॉर्निंगने ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं, जपानची एनजीके ही दुसरी मोठी. चौरस इंचात चारशे-सहाशे भोकं, भिंती कागदासारख्या पातळ. त्या भिंतींवर गॅमा अ‍ॅल्युमिना आणि सेरिया-झिर्कोनियाचा लेप, आणि लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, र्‍होडियम. आपल्या शिरवळला उमिकोरचा कारखाना आहे, तिथं हे लेपाचं काम चालतं.

बीएस-६ मुळे डिझेल गाडीत डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) आणि एससीआर (धुरातली नायट्रोजन ऑक्साइडं मोडणारा कॅटॅलिस्ट) आले. एकाच ट्रकमध्ये आधी एक ठोकळा होता तिथं आता तीन-चार. हा बाजार नक्की वाढला. पण दोन गोष्टी. दुचाकीत बहुतेक सिरॅमिक नसतं, धातूच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते. त्यामुळे 'भारतात एवढ्या कोटी दुचाकी' असा गुणाकार करू नका. आणि बॅटरीवरच्या गाडीला यातलं काहीच लागत नाही. रिक्षा आणि स्कूटर आधी बॅटरीवर चालल्यात. ट्रक इतक्यात जात नाही.

ठोकळेबाज

हनीकोंब आपल्याकडे कुपवाडच्या भट्टीत नाही का होणार?

स्पार्कप्लग

होईल हो, नमुन्याला एक होईल. लाखाला लाख सारखे काढणं, भिंत एक दशांश मिलिमीटर, आणि एकही तडा नको. त्यातच त्या कंपन्यांचं पन्नास वर्षांचं आयुष्य गेलंय.

थर्मलवाला

चंद्रपूरकडचा. 'बाजार येणार' म्हणून आम्ही एकदा तोंड पोळून घेतलंय, तो किस्सा ऐका.

डिसेंबर २०१५ ला पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी नवी मानकं काढली. नायट्रोजन ऑक्साइडसाठी २००४ ते २०१६ मधल्या युनिटांना ३०० मिलिग्रॅमची मर्यादा. म्हणजे एससीआर लागणार, म्हणजे टायटॅनियाच्या सपोर्टवरचं व्हॅनेडियम-टंगस्टन लागणार, तेही टनांनी नाही, खोल्या भरून. माझ्या ओळखीच्या एका पुरवठादाराने गोदाम भाड्याने घेतलं, माणसं ठेवली, ब्रोशर छापलं.

पुढे काय झालं? एक तर आपल्या कोळशात राख पस्तीस-चाळीस टक्के. ती राख हनीकोंबच्या भोकांतून जाताना सँडब्लास्टिंग करते. दुसरं, २०२० मध्ये त्याच गटाची मर्यादा ४५० झाली. ४५० साठी बर्नरमध्ये फेरफार केले की भागतं. एका अधिसूचनेत अख्खा बाजार गेला. गोदामात आता खताची पोती आहेत.

या धंद्यात मागणी गिऱ्हाईक ठरवत नाही, राजपत्र ठरवतं.

ऱ्हाइनकाठी

मॅनहाइमहून. केमिकल क्षेत्रात खरेदी विभागात आहे, कंपनीचं नाव घेत नाही.

भट्टीवाले दादा, बाजार किती मोठा हे सोडा, तुम्हाला विकत घेणारे किती, ते मोजा. क्लॅरियंटने २०११ मध्ये स्यूड-केमी घेतली. इव्होनिकने २०१५ मध्ये आपल्या डोंबिवलीची मोनार्क कॅटॅलिस्ट घेतली. डब्ल्यू. आर. ग्रेस २०२१ मध्ये सुमारे सात अब्ज डॉलरला विकली गेली. जॉन्सन मॅथीने आपला कॅटॅलिस्ट टेक्नॉलॉजीचा धंदा हनीवेलला विकत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. मोठी गिऱ्हाइकं मोजायला दोन हातांची बोटं पुरतील. आणि त्यातले बरेच जण आपला सपोर्ट स्वतःच करतात. अहवाल तो घरातला मालसुद्धा 'बाजार' म्हणून धरतो. आईने घरी केलेल्या पोळ्या हॉटेलच्या धंद्यात मोजल्यासारखं.

जो भाग खरंच बाहेर विकला जातो, तिथं सॅसॉल, सेंट-गोबेन नॉरप्रो अशी नावं आहेत. सॅसॉल ब्रुन्सब्युटेलला आणि अमेरिकेत लेक चार्ल्सला अल्कोक्साइडच्या वाटेने बोहमाइट (ज्यापासून गॅमा होतं तो कच्चा माल) करते, अतिशय शुद्ध. त्यांच्याशी शर्यत लावायची तर आधी पात्रता-चाचणी. प्रयोगशाळेत नमुना, मग पायलट, मग कुठल्यातरी प्लांटमध्ये एक बेड, आणि तो बेड आपलं पूर्ण आयुष्य जगेपर्यंत वाट पाहायची. चारेक वर्षं सहज. तोवर तुमच्या मेव्हण्याचे पैसे वाट पाहतील का? एकदा आत शिरलात की मात्र कोणी बाहेर काढत नाही. शंभर कोटींचा प्लांट चालू असताना सपोर्टमध्ये किलोमागे दहा रुपये वाचवायला कोण बदल करेल?

अवांतर: इकडे उलटी हवा आहे. गॅस महागल्यावर बीएएसएफने लुडविग्सहाफेनमधला एक अमोनिया प्लांट आणि इतर काही युनिटं बंद करत असल्याचं २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. प्लांट बंद झाला की त्याची 'दिवाळी' कायमची बंद. अहवालातली आशियाची वाढ कितपत नवी आणि कितपत इकडून तिकडे गेलेली, हेही बघावं लागतं.

बेळगावकर

नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावात हिंडाल्कोचा अ‍ॅल्युमिना कारखाना आहे, आणि त्याला बॉक्साइट कोल्हापूरच्या राधानगरीकडच्या दुर्गमानवाडसारख्या खाणींतून येत आलंय. म्हणजे कच्चा माल भट्टीवाल्यांच्या दाराशीच.

पण एक मेख आहे, ती सांगतो. बायर पद्धतीत बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, त्यामुळे अ‍ॅल्युमिनात थोडा सोडा राहतोच, साधारण ०.३ ते ०.५ टक्के. स्मेल्टरला चालतो. कॅटॅलिस्टला सोडा म्हणजे विष, तो आम्लधर्मी जागा मारून टाकतो. तिथं त्याचा दहावा हिस्सासुद्धा जास्त होतो. हायड्रेटचं भांडार असलं म्हणून बोहमाइट होत नाही. उसाचं शेत असलं म्हणून घरात काकवी होते का?

ऊसकरी

काकवीचं नाव काढलंत म्हणून आलो. मे २०२३ मध्ये पुण्याच्या प्राजने इंडियन ऑइलबरोबर केलेलं जेट इंधन मिसळून पुणे-दिल्ली विमान उडालं होतं. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के असं उद्दिष्ट ठेवलंय. अल्कोहोलपासून विमानाचं इंधन करायचं तर आधी इथेनॉलचं इथिलीन करावं लागतं, आणि ते अ‍ॅल्युमिनावर होतं असं वाचलं. हा नवा बाजार नाही का? कारखाने आमच्याच पट्ट्यात आहेत.

छिद्रान्वेषी

आहे, आणि मला या धाग्यातला हाच सगळ्यात रसाचा भाग वाटतो. इथेनॉलची वाफ साडेतीनशे-चारशे अंशांच्या आसपास गॅमा अ‍ॅल्युमिनावरून नेली की पाणी निघून जातं आणि इथिलीन उरतं. हिशेब शाळेतला: एक टन अल्कोहोलमधून जास्तीत जास्त ६०९ किलो इथिलीन, उरलेलं पाणी. त्या पाण्याच्या वाफेत महिनोन्‌महिने टिकणारं गॅमा करणं, कसब तिथं आहे. वाफेने छिद्रं हळूहळू मिटत जातात.

गंमत अशी की इथं अ‍ॅल्युमिना सपोर्ट नाहीच, तेच कॅटॅलिस्ट आहे. त्याच्यावर काहीच बसवलेलं नाही. तोच माल, तीच भट्टी, पण अहवालाच्या दुसऱ्याच प्रकरणात.

हरितक्रांती

आणि हायड्रोजन? राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान, १९,७४४ कोटी, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. यातून सपोर्टची मागणी फुटणार असं प्रत्येक वेबिनारमध्ये सांगतात.

शटडाऊनकाका

वेबिनारवाल्यांना विचारा, आज हायड्रोजन कशातून होतो? नैसर्गिक वायूच्या रिफॉर्मरमधून, म्हणजे वायू आणि वाफेतून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीतून. त्या नळ्यांत निकेल असतं, अल्फा अ‍ॅल्युमिना किंवा स्पिनेलच्या भोकं पाडलेल्या कड्यांवर. त्याच्यामागे शिफ्ट रिअ‍ॅक्टर, तिथं तांबं-जस्त-अ‍ॅल्युमिना. उद्या पाण्याच्या विद्युत-विघटनाने हायड्रोजन झाला तर हे सगळे बेड गेले. इलेक्ट्रोलायझरमध्ये टनाने सपोर्ट लागत नाही. म्हणजे हरित हायड्रोजन आपल्या या मालाचं गिऱ्हाईक वाढवण्याऐवजी खाऊन टाकेल.

आणि पुढे त्याचा अमोनिया केला तरी अमोनियाच्या कन्व्हर्टरमध्ये वितळवून फोडलेलं लोखंडी ऑक्साइड असतं. अ‍ॅल्युमिना त्यात चवीपुरतं, दोन-चार टक्के. सपोर्ट नाहीच. हां, अमोनिया जहाजाने नेऊन पलीकडे पुन्हा फोडायचा धंदा उभा राहिला तर तिथं निकेल किंवा रुथेनियम सपोर्टवर लागेल. त्या 'तर'वर भट्टी पेटवू नये.

हरितक्रांती

हे कुणी सांगितलंच नव्हतं.

छिद्रान्वेषी

भट्टीवाले, आता तुमच्या लाइनबद्दल थेट. गॅमा अ‍ॅल्युमिनाची एक्स्ट्रूडेट करायची कृती चकलीची आहे. बोहमाइटच्या पिठात सौम्य नायट्रिक आम्ल घालून घट्ट कणीक तिंबायची, सोऱ्यातून काढायची, वाळवायची आणि पाचशे-सहाशे अंशांवर भाजायची. सोऱ्याची चकती तीन पाकळ्यांची असली की ट्रायलोब निघतं. तुमची भट्टी चौदाशेला जाते, पण इथं ते गुणाचं नाही. अकराशेच्या आसपास गॅमाचं अल्फा होतं आणि ते दहा गुंठे आवळून एका खोलीएवढे होतात. तुम्ही आयुष्यभर घट्ट भाजायला शिकलात, हा माल कच्चट ठेवायला शिकावा लागेल. शिवाय नायट्रिकचा तांबडा धूर निघणार, त्याला स्क्रबर आणि प्रदूषण मंडळाची नवी संमती.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. १९८०च्या दशकात पुण्याच्या एनसीएल या सरकारी प्रयोगशाळेचं एन्सिलाइट झिओलाइट एसीसी आणि बडोद्याच्या आयपीसीएलबरोबर कारखान्यापर्यंत पोचलंच. पण त्यात एक प्रयोगशाळा, एक बनवणारा आणि एक वापरणारा, तिघं एकत्र होते. तुमच्याकडे सध्या बनवणारा आणि मेव्हणा आहे.

तिरकस तात्या

ताईंनी मेव्हण्याचं छिद्रही शोधलं.

शटडाऊनकाका

मेव्हण्याला नावं ठेवू नका, पैसे घालायला तयार आहे तो. फक्त चुकीच्या माठात ओततोय.

भट्टीवाले, तुम्ही तिवईवालेच राहा, पण चांगल्या तिवईचे व्हा. खत कारखान्यांच्या सेकंडरी रिफॉर्मरमध्ये हजार अंशांच्या वर वाफ आणि हायड्रोजन एकत्र असतात. तिथं तुमची वीस टक्केवाली गोळी घातली तर तिच्यातली सिलिका वाफेबरोबर उडते आणि पुढच्या बॉयलरच्या नळ्यांत जाऊन बसते. एका ठिकाणी (नाव नको) स्टोअर्सने भाव बघून साध्या गोळ्या मागवल्या होत्या. पुढच्या शटडाऊनला बॉयलर उघडला तर नळ्यांत पांढरा थर. तिथं ९९ टक्के अ‍ॅल्युमिना आणि ०.२ टक्क्यांच्या आत सिलिका हेच लागतं. थळ, ट्रॉम्बेचे खत कारखाने जवळ आहेत, आणि गोरखपूर, सिंद्री, बरौनी, रामागुंडम हे प्रत्येकी वर्षाला १२.७ लाख टन युरियाचे प्लांट नव्याने चालू झालेत. बाजार छोटा आहे, पण मोजता येतो. फोन उचलून मोजता येतो.

भट्टीवाला

काका, ताई, सगळ्यांचे आभार. मेव्हण्याला अख्खा धागा पाठवला. एवढंच म्हणाला, "दाजी, तात्या कोण आहेत?"

भट्टीवाला

दीड महिन्याने धागा वर काढतोय.

काका म्हणाले तसे फोन उचलले. सात ठिकाणी केले, चार जणांनी बोलणं केलं, दोघांनी बोलावून घेतलं. एका खत कारखान्याच्या मटेरियल्समधल्या साहेबांनी जुना स्पेसिफिकेशनचा कागद दाखवला, काकांनी लिहिलेलं शब्दशः तसंच होतं. माल हवाय, पण टर्नअराउंड (दुरुस्तीचा मोठा शटडाऊन) अजून चौदा महिने लांब आहे, आणि त्याआधी नमुना पास व्हायला हवा. नेहमीचं गोणीतलं अ‍ॅल्युमिना वापरून एक घाणा करून पाहिला, चौदाशे पन्नासवर. लॅबचा निकाल आला: सिलिका ०.६. गोळी हातोडीच्या एका टोल्यात फुटली, आतून खडूसारखी.

मेव्हणा म्हणतो लाइनचे पैसे दुसऱ्या कशाला नको, पण यासाठी थोडे देतो. आता सिलिका खाली कशी आणू?

बेळगावकर

कच्चा माल कुठला वापरलात? आणि बॉल मिलचं अस्तर कशाचं आहे?

भट्टीवाला

अस्तर चकमकीच्या दगडाचं. आतले गोटेपण तेच.

बेळगावकर

अहो मग सिलिका तुम्हीच दळून घालताय! अस्तर आणि गोटे दोन्ही अ‍ॅल्युमिनाचे करा, मग पुन्हा तपासा. लो सिलिका, लो सोडा कॅल्साइन्ड ग्रेडबद्दल निरोप पाठवतो, व्यक्तिगत बघा.

छिद्रान्वेषी

खडूसारखी म्हणजे सिंटर (भाजून एकजीव घट्ट) झालीच नाही. ९९ टक्क्यांना चौदाशे पन्नास पुरणार नाही. सोळाशेच्या वर न्यावं लागेल.

भट्टीवाला

बर्नर सोळाशे पन्नासपर्यंत जातील असं बर्नरवाला म्हणाला. भट्टीच्या विटा पंधराशेच्या आहेत. गुरुवारी एकदा नेऊन बघतो.

शटडाऊनकाका

गुरुवारी काही नेऊ नका. आधी विटांवाल्याला फोन करा.